किनार बांधलेली घंटा

मित्रांनो, मी एक जुनी पितळी घंटा आहे आणि तुम्ही मला ओळखता. जबलपुरातल्या कांचघरच्या बाजारात काचेची पेटी गळ्यात अडकवून 'बुढ्ढी के बाल', म्हणजे साखरेचा कापूस, विकणारा जो वाकलेला मनुष्य येतो, त्याच्या उजव्या हातात मी असते. माझा नाद कानी पडताच तुम्ही हातातली लेखणी टाकून धावत सुटता. त्या धावण्याने मला धन्यता वाटते. परंतु हे भाग्य माझ्या वाट्याला फार उशिरा आले. त्यापूर्वीच्या आयुष्यात माझ्या नादाने कोणी धावत येत नसे. माझ्या नादाने माणसे खाली बसत असत.

माझा जन्म एका ठठेऱ्याच्या, म्हणजे तांबटाच्या, भट्टीत झाला. मझौलीच्या बाजारातून मोडीत आलेला तडकलेला हंडा आणि समईचा तुटलेला पाय वितळवून त्याने मला ओतले, शिसवी लाकडाची मूठ बसवली आणि पोटात लोखंडी लोलक टांगला. पहिल्यांदा हलवून पाहिले तेव्हा तो आपल्या बायकोला म्हणाला, "सुन! क्या साफ बोलती है!" साफ बोलते, ही माझी आयुष्यातली पहिली स्तुती. पुढे तेच माझे दुर्दैव ठरले.

तो काळ राज्यांच्या नव्या वाटणीनंतरचा होता. नागपूर एका राज्यात गेले होते आणि जबलपूर दुसऱ्या. पोटासाठी विदर्भातून इकडे आलेली मराठी कुटुंबे जिथल्या तिथे राहूनही परराज्यातली झाली होती. त्यांच्या घरात मराठी होती आणि उंबऱ्याबाहेर पाऊल पडले की हिंदी. अशा काळात शहराच्या नागरी मंडळाने मला विकत घेतले आणि सभागृहात अध्यक्षांच्या मेजावर माझी प्रतिष्ठापना झाली.

माझे काम सोपे होते. सभेत बोलणाऱ्याची वेळ संपली की अध्यक्ष तर्जनी उचलत. तर्जनी उचलली की शिपाई मला हलवी. मी वाजले की बोलणाऱ्याने खाली बसावे, असा नियम होता. घंटेनंतर तोंडातून निघालेला शब्द सभेच्या कामकाजात लिहिला जात नसे. तो शब्द उच्चारलाच गेला नाही, असे मानले जाई.

मला हलवणाऱ्या शिपायाचे नाव लहानू. तोच तुमचा बुढ्ढी के बालवाला. तेव्हा तो ताठ चालत असे. मिशी फुटली तेव्हापासून तो मंडळात रोजंदारीवर होता आणि मिशी पिकू लागली तरी रोजंदारीवरच होता. पण माझी सेवा त्याने कायम नोकराच्या निष्ठेने केली. चिंच आणि राख लावून तो मला घासत असे आणि घासताना आपल्या बोलीत माझ्याशी बोलत असे. "काय व, आज कोनाकोनाले बसवशीन?" असे तो विचारी आणि स्वतःच हसे.

त्याने सांभाळलेली एक जुनी रीत मला सांगितलीच पाहिजे, कारण पुढचा सारा अनर्थ त्या रीतीतून झाला. मंडळाचा एखादा सभासद वारला की शोकसभा भरे. मृताविषयी बोलणाऱ्याला घंटा वाजवून बसवणे अशुभ समजले जाई. म्हणून त्या दिवशी लहानू माझ्या लोलकाला कापडाची चिंधी गुंडाळी. मग मला कितीही हलवा, 'धप्' एवढाच आवाज होई. मी मुकी असले की लोक मनसोक्त रडत, असे मी पुष्कळदा पाहिले.

आणि मग तो ठराव आला.

शहरातल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांचे, म्हणजे मुख्याधिकारी, मुख्य अभियंता आणि आरोग्याधिकारी यांचे वेतन वाढवावे, असा तो ठराव होता. त्यासाठी पैसा कोठून आणावा, हेही त्यात होते. रोजंदारीच्या झाडूवाल्यांना आणि शिपायांना कायम करण्यासाठी जी रक्कम राखून ठेवली होती, तीच तिकडे वळवायची होती. वर्तमानपत्रांत ओरड झाली. तेव्हा अध्यक्षांनी जाहीर केले की जनतेलाही सभागृहात बोलावू आणि जनतेचे मत ऐकू. ऐकू असे ते म्हणाले. मान्य करू असे म्हणाले नाहीत.

रोजंदारीवाल्यांच्या वतीने बोलायला पार्वताबाईंची निवड झाली. पार्वताबाई कांचघरच्या नाल्या झाडणाऱ्या बाई होत्या आणि लहानूच्या पत्नी होत्या. वस्तीत बुद्धपौर्णिमेला त्या बोलायला उभ्या राहिल्या की दंगा करणारी पोरेसुद्धा ऐकत बसत, असे लहानू मला अभिमानाने सांगत असे. त्या बोलल्या तर ठराव मागे घ्यावा लागेल, अशी त्या सर्वांची आशा होती.

ही गोष्ट सचिव हेमचंद्र यांना कळली. ते सभेच्या आदल्या दिवशी लहानूच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "लहानू, तेरी घरवाली खड़ी होगी. उसका मुँह खुला, कि साहब की उँगली उठी. और उँगली उठी, कि घंटी. समझा?"

"जी."

"अच्छे से बजा दे. तेरा पक्का मैं करवाता हूँ. अकेले तेरा."

हेमचंद्रांचा हात खांद्यावरून निघाला तरी लहानू बराच वेळ खांदा वाकडा करूनच उभा होता.

सभेच्या दिवशी सकाळी झाडलोट करायला तो एकटाच सभागृहात आला. त्याने मला उचलले, पण घासले नाही. खिशातून कापडाची एक पट्टी काढली. ती लुगड्याची हिरवी किनार होती. मला उलटे धरून त्याने ती लोलकाभोवती घट्ट गुंडाळली आणि हलक्या आवाजात म्हणाला, "आजचा दिवस मुकी राय माय. मी हलवतो, तू वाजू नको. साहेबाचंबी राहीन अन् तिचंबी."

मित्रांनो, त्याचा हिशेब असा होता. पण एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली नाही. मुकी घंटा एकट्या पार्वताबाईंसाठी मुकी राहणार नव्हती. ती सर्वांसाठीच मुकी होती.

सभा भरली. मागच्या बाकांवर झाडूवाले दाटीवाटीने बसले. पुढच्या खुर्च्यांवर अधिकारी बसले. पहिले बोलायला उठले बाबाराव ठेकेदार. रस्त्यांची कामे त्यांच्याकडे असत.

"भाइयो," बाबाराव म्हणाले, "हमारे साहब लोग चाहते तो दिल्ली-बंबई में रहते. जबलपुर की धूल में पड़े हैं, किसके लिए? आपके लिए! इनका पेट भरा रहेगा, तो ही शहर का पेट भरेगा!"

वेळ संपली. अध्यक्षांनी नियमाप्रमाणे तर्जनी उचलली. लहानूने मला हलवले. धप्! बाबारावांना ऐकू गेले नाही. अध्यक्षांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले. पण भाषण मनासारखे चालले होते, म्हणून त्यांनी बोट खाली घेतले. बाबाराव बोलत राहिले. त्यांनी साहेबांच्या शिक्षणाचे वर्णन केले, साहेबांच्या मोटारीच्या जुनेपणाचे वर्णन केले आणि साहेबांच्या बंगल्याच्या गळक्या छपराचे वर्णन करताना त्यांचा कंठ दाटून आला. त्यांच्यामागून त्यांचे मेहुणे उठले आणि मग त्यांचे भागीदार. माझा धाक कोणालाच उरला नव्हता. लहानूने बायकोसाठी राखलेली शांतता ठेकेदार वापरून घेत होते.

दिवस कलला, चहा येऊन गेला, आणि अखेरीस हेमचंद्रांनी नाव पुकारले. पार्वताबाई पदर सावरून उभ्या राहिल्या.

"जयभीम. मी पार्वताबाई. कांचघरच्या नाल्या झाडते. साहेबाचा पगार वाढते त वाढो, आमची काही ना नाही. पन आमाले कायम कराचा जो पैसा होता, तोच काहून..."

तर्जनी उठली. लहानूने मला हलवले. धप्.

"...तोच काहून उचलून रायले? माझी सासू याच नालीत झाडता झाडता..."

तर्जनी अजून वरच होती. धप्. धप्. आता मात्र अध्यक्ष चिडले. "ये घंटी को क्या हुआ है?"

हेमचंद्रांनी मला लहानूच्या हातून हिसकावले आणि उलटे केले. दोन बोटांत धरून त्यांनी ती हिरवी किनार लांबच लांब बाहेर ओढली, जशी जादूगार टोपीतून ओढतो, आणि सर्वांना दिसेल अशी उंच धरली.

"अरे! ये तो साड़ी की किनार है!"

सभागृह हसले. बाबाराव मराठीत ओरडले, "लहानू, घरी जिची जीभ बांधाले पायजे तिची बांधत नाही, अन् इथं घंटेची बांधतो काय बे?" मग जो हशा उसळला तो छपराला जाऊन लागला. आरोग्याधिकारी डोळे पुसत होते. मला सर्वांत वाईट वाटले ते हे की मागच्या बाकांवरचे काही झाडूवालेसुद्धा हसले. त्यांना हसू आवरले नाही.

पार्वताबाई हसल्या नाहीत. त्या किनारीकडे पाहत होत्या. ती त्यांच्याच लुगड्याची होती. नवऱ्याने आपल्यासाठी काय केले होते ते त्यांना त्या क्षणी कळले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटले ते मी पुन्हा कधी पाहिले नाही.

अध्यक्षांनी हात वर करून शांतता केली. त्यांचा आवाज अतिशय गोड झाला होता. "हम किसी का हक नहीं मारते. बाई, आप फिर से बोलिए. शुरू से. और लहानू, तुम अपना काम करो."

"जयभीम," पार्वताबाई म्हणाल्या, "मी पार्वताबाई..."

तर्जनी उठली. लहानूने मला हलवले. मी वाजले. साफ वाजले. मी धातू आहे, मित्रांनो. कापड निघाल्यावर मला दुसरे काही येत नाही.

"बैठ गईं? नहीं, नहीं, डरिए मत. फिर से बोलिए," अध्यक्ष म्हणाले. हशा.

"साहेब, माझं येवढंच म्हननं आहे का..."

तर्जनी. मी पुन्हा वाजले. पुन्हा हशा. कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

"फिर से, बाई."

पार्वताबाईंनी तोंड उघडले. अध्यक्षांचे दोन्ही हात मेजावर होते. तर्जनी उठली नव्हती. शब्द अजून ओठांवरच होता. आणि लहानूने मला हलवले.

त्याने मला का हलवले, हे मला आजतागायत कळलेले नाही. तो खेळ एकदाचा संपावा म्हणून असेल, किंवा हाताला सवय झाली म्हणून. पार्वताबाईंनी तोंड मिटले आणि त्या खाली बसल्या. या वेळी कोणी हसले नाही. अध्यक्षसुद्धा नाहीत. हेमचंद्रांनी ठराव वाचला, मेजे बडवली गेली आणि वाढ मंजूर झाली. पार्वताबाईंचा एकही शब्द कामकाजात लिहिला गेला नाही.

वाढीच्या आनंदात सभागृहाला नवा रंग मिळाला आणि अध्यक्षांच्या मेजाला विजेची घंटी बसली. बटन दाबले की ती आपली आपण किंचाळे. तिला घासावे लागत नसे आणि हलवायला मनुष्यही लागत नसे. हेमचंद्रांनी लहानूला बोलावले. पक्केपणाचा विषय लहानूने काढला नाही, त्यांनीही काढला नाही. त्यांनी मला त्या हिरव्या किनारीसकट त्याच्या हाती दिले आणि म्हणाले, "ले जा. तेरी ही तो है." कामावरून काढल्याची तीच भाषा होती. शाल नाही, नारळ नाही, निरोपाचा चहासुद्धा नाही.

तो मला घरी घेऊन आला तेव्हा पार्वताबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले.

"पहिल्या दोन टाइमाले साहेबानं बोट उचललं होतं," त्या म्हणाल्या. "तिसऱ्या टाइमाले कोनं उचललं?"

"तुले हसून रायले होते, पार्वता. मले पाहवलं नाही. तुझ्यासाठीच वाजवली."

"अच्छा," त्या म्हणाल्या आणि भाकरी उलटली.

त्या विषयावर त्या घरात झालेले बोलणे एवढेच. लहानूने काचेची पेटी घेतली आणि तो गोड विकू लागला. पार्वताबाई आजही त्याच नाल्या झाडतात, आजही रोजंदारीवर.

पण एक गोष्ट तुम्हांला ठाऊक नाही. एकदा आम्ही आमच्याच गल्लीत शिरलो. नळावर पार्वताबाई शेजारच्या शकुशी बोलत होत्या. मुलीच्या सोयरिकीची गोष्ट होती, चांगली रंगली होती. लहानूने सवयीने मला हलवले. पार्वताबाई अर्ध्या शब्दावर थांबल्या. हंडा भरून वाहू लागला. शकु म्हणाली, "मंग? पुढं काय झालं, वैनी?" त्यांना पुढचे सांगता आले नाही. त्या हंडा उचलून घरात गेल्या.

लहानू तिथेच उभा राहिला. मग त्याने पेटी खाली ठेवली, खिशातून तीच हिरवी किनार काढली आणि माझ्या लोलकाला गुंडाळली. तेव्हापासून स्वतःच्या गल्लीच्या तोंडाशी तो रोज मला मुकी करतो. त्या गल्लीतल्या मुलांना गोड मिळत नाही, कारण तो आल्याचे त्यांना कळतच नाही. आणि पार्वताबाई तरीही थांबतात. त्याची चप्पल वाजली तरी थांबतात.

मित्रांनो, मला चिंच लावून घासा, असे मी म्हणणार नाही. माझा डाग फार आत गेला आहे. तुम्ही मोठे व्हाल. तुमच्यापैकी कोणाच्या हाती लोक घंटा देतील, तर कोणाला तर्जनी उचलण्याचा मान मिळेल. त्या वेळी माझी आठवण ठेवा. तूर्त माझे एवढेच मागणे आहे. नाली झाडणारी एक बाई बोलता बोलता मध्येच गप्प झालेली दिसली, तर गोड घ्यायला धावू नका. तिच्यापाशी थांबा आणि विचारा, "मंग? पुढं काय झालं, मावशी?" आणि ती पुढचे सांगेपर्यंत तिथून हलू नका.