व्हिजिटचे मूळ

मित्रांनो, माझी शिवण उसवली आहे, पण पोटातले शब्द शाबूत आहेत. मी एक जुना इंग्रजी शब्दकोश. शब्दाचा अर्थ सांगतो आणि त्याचे मूळही.

देवाजी मास्तरांनी मला १९६२ साली सक्करदऱ्याला आणले. संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर मुले जमत. तिथे अर्थ विचारायचा नाही, उभे राहून माझ्यातून मोठ्याने वाचायचा, असा नियम होता. मुलांच्या बोटांनी माझ्या कडा काळ्या झाल्या. मास्तर म्हणत, "हा आपला सगळ्यात हुशार विद्यार्थी." मग बाजारात गाईडे आली आणि ओसरी रिकामी झाली. मास्तरीणबाईही गेल्या. मास्तर खाटेवर, मी फळीवर. दिवसभर आम्हांला कोणी हात लावत नसे.

एका दुपारी चारुशीला आली. मास्तरांची जुनी विद्यार्थिनी, आता कळमेश्वरच्या कारखान्यात रसायने तपासणारी. बसायच्या आधीच तिने घड्याळ पाहिले.

"मास्तर, म्हटलं तुम्हाले एक व्हिजिट देऊन जावं."

"कुठून आला वं हा शब्द?"

"आता जी? माही बस आहे ना!"

"बस दुसरी भेटते. पाह्य."

ती हसत उभी राहिली आणि वाचू लागली. लॅटिनमध्ये 'विदेरे' म्हणजे पाहणे. त्यावरून 'विसितारे', वारंवार पाहायला जाणे. इंग्रजीत आला तेव्हा आजाऱ्याला, दुःखिताला धीर द्यायला जाणे, असा वापर होता. डॉक्टरची व्हिजिट, साहेबाची व्हिजिट नंतरची.

तिचे बोट त्या ओळीवरच अडले.

"थांबली काहून? टोमणा नाही मारून राहिलो," मास्तर म्हणाले. "मी तरी कोणाकडे जातो?"

मला मिटत तिने विचारले, "हा कोश नेऊ का जी?"

"ने. पण वापस आण."

कळमेश्वरला मी मासिकांखाली दबलो. पावसाळा सरला, थंडी आली. मास्तरांच्या फळीवर माझी जागा मोकळी असेल, एवढेच मनात येई. एकदा टपालाने पाठवायला तिने मला कागदात बांधलेही. मग हातातली सुतळी पाहत बराच वेळ बसली आणि गाठ सोडली.

रविवारी ती मला पोटाशी धरून सक्करदऱ्याला आली. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

"ठेव तो तिकडं. तू बस पहिले. चहा मांडतो."

त्या दिवशी मला कोणीच उघडले नाही. त्याचे वाईट न वाटण्याची ती माझी पहिलीच वेळ.

मित्रांनो, कोणाचे पुस्तक तुमच्याकडे पडून असेल, तर पुसून, कव्हर घालून परत करा. टपालाने नको. स्वतः जा, आणि बसा.