गुडघ्याची आठवण

आखडलेले सांधे हलते करणं हा तिचा धंदा. क्लिनिक स्वतःचं, चांगलं चाललेलं. पण चाळिशीत तिला प्रोग्रॅमिंग शिकायची हुक्की आली. नवरा त्याच क्षेत्रात मोठ्या हुद्द्यावर, तेव्हा शिकणं सोपं जाईल असं तिला वाटलं. तिथेच ती फसली.

आधी कोणती भाषा शिकावी यावर नवऱ्याने तिचं डोकं खाल्लं. तिने एक निवडली, तर ती भाषा म्हणे मरायला टेकलेली. मग कोड कशात लिहावा, कीबोर्ड कुठला घ्यावा यावर मतं. पडद्याचा रंग काळाच का हवा, हे सांगायला तर त्याने अर्धी रात्र घेतली. शिवाय हल्ली सगळा कोड एआयच लिहितो, आता शिकून करिअर व्हायचं नाही, हेही त्याने जेवताना ऐकवलं. एवढं होईपर्यंत तिची एक ओळ लिहून झाली नव्हती.

शेवटी तिने त्याला खोलीबाहेर काढलं आणि आतून कडी लावली. जुन्याच लॅपटॉपवर, एआयला विचारत, चुकत, शिव्या घालत तिने एक प्रोग्रॅम उभा केला. व्यायामाला दांडी मारणाऱ्या पेशंटना मेसेज जाणार होता: ‘तुमच्या गुडघ्याची आठवण येते. कृपया यावे.’

मेसेज गेला. आजवर क्लिनिकची पायरी चढलेल्या प्रत्येकाला गेला.

सकाळी क्लिनिकमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. मानेवाले आणि खांदेवाले विचारत होते, आमचा गुडघा तुम्ही पाहिलात कधी? केव्हाच बरा झालेला एक पोस्टमन नुसताच गप्पा मारायला आला होता. आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत, ठेवणीतले कपडे घालून, सासूबाई.

“आई, तुम्ही कशाला आलात? घरीच बघितला असता की गुडघा.”

“घरी कुठे विचारतेस?” सासूबाई म्हणाल्या. “इथून कसं रीतसर बोलावणं आलं.”

तिने कपाळाला हात लावला आणि पहिला नंबर त्यांनाच दिला.

घरी नवरा प्रवचन तयार ठेवून बसला होता. कोड पाहून त्याने नाक मुरडलं. सगळं पुसून नव्याने लिहावं लागेल म्हणाला.

“मत नको,” ती म्हणाली. “चूक शोध.”

तो बसला. गेली कित्येक वर्षं तो कोडबद्दल नुसता बोलत आला होता. त्याने खुडबुड करून जे चालत होतं तेही बंद पाडलं. ती तोंडावर हात धरून हसत राहिली. अखेर सापडलं: दांडीबहाद्दर तिने नीट वेगळे काढले होते, पण मेसेज पाठवताना यादी भलतीच घेतली होती. त्याने एक शब्द बदलला, प्रोग्रॅम चालला, आणि गडी खुर्चीतून उडालाच.

दुसऱ्या दिवशी त्याने साहेबांना सांगितलं, मला पुन्हा कोड लिहायला बसवा. साहेबांनी काळजीने त्याला रजा घ्यायला लावली. ती रजा तो क्लिनिकच्या मागच्या खोलीत, बायकोच्या प्रोग्रॅमशी झटापट करत घालवतोय. बोलायची परवानगी नाही.

धंदा बदलणार का, असं तिला पेशंट विचारतात. ती म्हणते, छे, त्यात बोलावं फार लागतं.