निळ्या ड्रेसचं माप

धाकटी बहीण पिशवी घेऊन दुकानाच्या मागच्या दारातून आत आली, की थोरलीच्या पोटात दुखायला लागायचं. पिशवी जितकी फुगलेली, तितकं दुखणं जास्त.

थोरली कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात अल्टरेशनचं काम करायची. ट्रायल रूमच्या मागे अरुंद खोली, दोन मशीन, इस्त्रीचं टेबल आणि भिंतीला उंच आरसा. गिऱ्हाईक पँट घालून उभं राहायचं, ही गुडघ्यावर बसून खडूने खुणा करायची आणि ओठांत टाचण्या धरूनच "सरळ उभे राहा" म्हणायची. लोकांच्या सुटलेल्या कंबरा बघण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. घरात मात्र एकच कंबर गाजलेली होती, आणि ती होती तिची. लहानपणापासून ही 'काडी' आणि धाकटी 'ढब्बू'. ढब्बू पुढे शिकली, शिक्षिका झाली, तिला हसवणारा नवरा मिळाला, ऐसपैस घर मिळालं. थोरलीला यातलं थोडं उशिरा मिळालं आणि बरंचसं मिळालंच नाही. पण चार माणसांत दोघी शेजारी उभ्या राहिल्या की आई म्हणायची, "काडी ती काडीच!" तेवढ्यावर थोरलीचं भागायचं.

आणि आता ढब्बू तेही घ्यायला निघाली होती.

झालं असं, की डॉक्टरांनी गुडघ्यांवरून दम भरला आणि ढब्बू चालायला लागली. आधी कुणी मनावर घेतलं नाही. तिने व्यायामाचे बूट यापूर्वीही कितीदा आणले होते, आणि दर वेळी ते घालून शेवटी तिचा नवरा बागेला पाणी घालायचा. पण या खेपेला ती चालतच राहिली. ताट लहान केलं. जिभेला लगाम घातला. बघता बघता कपडे खांद्यांवरून ओघळायला लागले. नवे घ्यायची सोय नव्हती, कारण ती एका मापात टिकतच नव्हती. आज नेमका बसलेला शर्ट पुढच्या महिन्यात पोत्यासारखा व्हायचा. मग आहेच ताई!

"ताई, एवढं आत घे ना गं. दुकानात गेले की मला अजून मोठ्याच मापाचे कपडे दाखवतात. मला मेलीला कळतच नाही, मी नक्की केवढी आहे ते. तुझ्या टेपवरच काय तो माझा विश्वास."

थोरली घ्यायची आत. स्वतःच्या हातांनी बहिणीला बारीक करायची. फक्त जास्तीचं कापड ती कधी कापायची नाही. ते आत दुमडून ठेवायची आणि म्हणायची, "राहू दे, लागलं तर." ऐकणाऱ्याला ती काळजी वाटायची. मनात ती म्हणत असायची, लागणारच आहे, बघू किती दिवस तोरा टिकतो ते.

तोरा टिकला. आई आली की ढब्बूला गोल फिरवून बघायची. "अगं बाई, केवढीशी झालीस! ओळखू येईनास!" मग शेजारी उभ्या असलेल्या थोरलीकडे लक्ष जायचं. "तू जरा दमलेली दिसतेस गं." थोरलीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा, आणि ती हसून चहा टाकायला जायची.

यात एक गोष्ट होती, जी थोरलीने आरशालासुद्धा कबूल केली नव्हती. काडी आता काडी राहिली नव्हती. मशीनवर बसून बसून तिची कंबर वाढली होती. पण जिच्या हातात सुई, तिचं वाढलेलं अंग दुसऱ्याला कशाला दिसतंय? स्कर्ट, शर्ट, सगळं ती गुपचूप उसवून सैल करायची. सगळ्यांत जिवावर आलं ते निळ्या ड्रेसचं. तरुणपणी स्वतः शिवलेला, कमरेत असा बसणारा की लोक वळून बघायचे. तो तिने दोनदा उसवला. आतलं सगळं कापड संपलं. बाहेरचं धुऊन धुऊन विटलेलं, आणि आतून निघालेलं नव्यासारखं गडद, त्यामुळे दोन्ही कुशींना बोटभर रुंदीचे दोन पट्टे स्पष्ट दिसायचे. ते आणि वाढलेली कंबर झाकायला ती आता कुठल्याही कपड्यावर जाकीट घालायची, मरणाच्या उकाड्यातसुद्धा. लोक म्हणायचे, काय स्टाइल आहे!

ढब्बूने नेमकं त्यावरच बोट ठेवलं.

"ताई, मी मुख्याध्यापक होतेय," एक दिवस ती पिशवी टेबलावर ठेवत म्हणाली. "आमच्या व्हरांड्यात आधीच्या सगळ्यांचे फोटो लावलेत ना, तिथे माझाही लागणार. कायमचा. त्या फोटोत मला तुझा निळा ड्रेस घालायचाय."

"माझा?"

"तो मला व्हावा म्हणूनच चालत होते मी. गुडघे गेले खड्ड्यात. कुणाला सांगू नकोस हं."

थोरलीच्या तोंडचं पाणी पळालं. ड्रेस दिला की पट्टे दिसणार, आणि पट्टे दिसले की सगळंच उघडं पडणार. "बघू," ती म्हणाली. "अजून जरा उतर. घाई केलीस तर शिवण जाईल."

त्या दिवशी पिशवीत एक हिरवी पँट आणि दोन शर्ट होते. थोरलीने टेप लावली, खडूने खुणा केल्या. ढब्बू गेल्यावर तिने मशीन सुरू केलं आणि खुणेच्या बोटभर आतून टीप मारली. दोन्ही बाजूंनी.

दोन दिवसांनी फोन आला. "ताई, पँटचं बटणच लागत नाहीये गं."

"असं कसं? मापाने शिवलीय मी." थोरलीने हातातला दोरा दातांनी तोडला. "वाढलं असेल." हे दोन शब्द तिच्या जिभेवर कितीतरी वेळ गोड लागत राहिले.

"पण काटा तर उतरलंय म्हणतो."

"घरचे काटे काय, ज्याच्या घरी असतात त्याच्या बाजूने बोलतात."

शर्टांचंही तेच झालं. ढब्बूचा आवाज दर फोनला बसत चालला.

मग एका दुपारी ती आली ती रिकाम्या हाताने. अंगात पूर्वीचा, तंबूसारखा शर्ट. स्टुलावर बसली आणि म्हणाली, "निळा ड्रेस राहू दे, ताई. दोन आठवडे नुसती काकडी खातेय, तरी वाढतेच आहे. माझ्या अंगालाच ते मान्य नाही. फोटो या शर्टात काढते. नाहीतरी सगळं लक्ष चेहऱ्याकडेच जातं."

थोरली टेप गुंडाळत राहिली.

"तू तो ड्रेस घालून जिन्यावरून उतरायचीस ना, तेव्हा मी तुझ्यावर इतकी जळायचे!" ढब्बू हसली. "एकदा त्याचं बटणही तोडलं होतं मी. तू मांजराला मारलंस."

थोरली जिंकली होती. वर आपल्यावर कुणीतरी उभं आयुष्य जळत होतं, आणि तेही हीच, हे कळल्यावर तिला आधी बरंच वाटलं. खोटं कशाला सांगा. मग तिने त्या तंबूत बसलेल्या बहिणीकडे पाहिलं. हे दुखणं रोज सकाळी कपडे चढवताना कसं डोकं वर काढतं, ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? आणि या पोरीने ते शाळेत असल्यापासून सोसलं, वर हसतही राहिली.

ड्रेस दाराच्या मागेच टांगलेला होता. पट्ट्यांवर लेस लावता येईल का, ते बघायला तिने कालच आणला होता. तिने तो काढून ढब्बूच्या हातात दिला.

"घाल."

"फाटेल गं."

"घाल म्हणते ना!"

ढब्बू पडद्यामागून बाहेर आली ती दोन्ही बाजूंचं कापड मुठीत धरून. ड्रेस ढगळ होत होता. ती आरशासमोर उभी राहिली, मुठी सोडल्या, आणि तिची नजर कुशीवर गेली.

"ताई, हे इथे असं गडद का?"

"सैल केलाय. दोनदा."

"तू?"

"मग काय मांजराने?"

ढब्बूच्या चेहऱ्यावर एक आनंद चमकला आणि तिने तो लगेच ओठ मिटून आत ढकलला. थोरलीने तो बरोबर ओळखला. तिच्या घरचाच होता तो. मग ढब्बूच्या कपाळाला आठी पडली.

"हा एवढा सैल, तर मग माझी पँट?"

"मी खुणेच्या आत शिवली. शर्टसुद्धा."

"चुकून?"

"मुद्दाम."

इस्त्री टेबलावर फुसफुसत होती. थोरलीने ती बंद केली.

"ताई, मी दोन आठवडे काकडी खाल्ली."

"माहितीये."

"मला काकडी आवडत नाही."

"तेही माहितीये."

ढब्बूने ड्रेसची बाजू मुठीत घट्ट धरली. आता ती ड्रेस अंगावरून ओरबाडून काढेल आणि परत या दारात पाऊल ठेवणार नाही, असं थोरलीला वाटलं, आणि तसं झालं असतं तर ती काय म्हणणार होती? पण ढब्बूने दोन्ही हात वर केले. "घे आत," ती म्हणाली. आवाज कोरडा होता.

थोरली गुडघ्यावर बसली. तिने ड्रेसची बाजू उलटून पाहिली. जुन्या शिवणींच्या भोकांच्या रेषा कापडावर अजून होत्या. अलीकडची दुसऱ्यांदा सोडली तेव्हाची, पलीकडची अगदी पहिली, तरुणपणाची. ती टाचत टाचत अलीकडची रेषा ओलांडून गेली. ढब्बूची कंबर बरोबर पहिल्या रेषेवर येऊन थांबली. मत्सर कुठे गेला नव्हता, तो तिथेच होता, पण ओठांत टाचण्या होत्या आणि हातांना काम होतं.

शेवटची टाचणी लावून तिने कात्री उचलली. "जास्तीचं कापून टाकते," ती म्हणाली. आजवर तिने हे बहिणीच्या एकाही कपड्याला म्हटलं नव्हतं. "तुला काही आता परत लागायचं नाही."

ढब्बूने आरशात स्वतःकडे पाहिलं. मग मागे, जमिनीवर बसलेल्या, जाकिटात घामेजलेल्या ताईकडे.

"नको," ती म्हणाली. "राहू दे आत. फोटो झाला की आणून देते. तुला लागेल."

थोरलीने कात्री खाली ठेवली. मग जाकीट काढून खुर्चीवर टाकलं आणि टेप पुन्हा हातात घेतली.

"सरळ उभी राहा," ती म्हणाली. "आणि पोट आत ओढू नकोस. मला खरं माप हवंय."