गेलेला पहिला इंच

मित्रांनो, शिवणयंत्राच्या बाजूला खिळ्याला लोंबकळणारी ती मळकट पिवळी पट्टी तुम्ही पाहिली असेल. तीच मी. शिवणकामाची टेप. मी जुनी आहे हे वेगळे सांगायला नको, माझा रंगच ते सांगतो. टेपने कसली स्वतःची गोष्ट सांगायची, असे तुम्ही म्हणाल. पण मला सांगायची आहे. ज्या वेळी बोलायला हवे होते त्या वेळी माझ्या तोंडून शब्द फुटला नाही, आणि त्याची चिडचिड अजून माझ्या मनातून गेलेली नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. कापडाच्या लांब पट्टीवर गुळगुळीत थर चढवला, वर साठ इंच छापले आणि दोन्ही टोकांना पितळेच्या टोप्या बसवल्या. तेव्हा माझा तोरा काही विचारू नका. दुकानात मी गुंडाळी होऊन काचेमागे बसले होते. एक मुलगी आली, तिने मला उलगडले, दोन्ही हातांनी ताणून पाहिले आणि गळ्यात अडकवून तशीच घरी नेले. पुढे ती मुलगी आई झाली. मी मात्र तिच्या गळ्यातच राहिले.

आई घरीच शिवते. खिडकीजवळ तिचे यंत्र, यंत्राशेजारी इस्त्रीचे टेबल, आणि टेबलाखाली कापडाच्या चिंध्यांची पेटी. किती खांदे, किती कंबरा आणि किती बाह्या मी मापल्या याचा हिशेब माझ्याकडे नाही. आलेली बाई आरशासमोर उभी राहून म्हणायची, "काय बसलाय हो अंगावर!" कौतुक आईचे होत असे, पण मी तिच्या गळ्यात होते, म्हणून त्यातले थोडे माझेही असे मी धरून चालते.

मग मुले झाली आणि माझे हाल सुरू झाले. पहिला मुलगा. त्याला बहीण झाल्यापासून आईबाबांसकट सगळे घर त्याला दादा म्हणते. त्याने मला घोड्याचा लगाम केले, खेळण्यातल्या ट्रकला बांधून घरभर ओढले, एकदा तर दाराच्या कडीला गाठ मारून ठेवले. तेही मी सोसले. पण धाकटी पिटुकली आली आणि तिला दात यायला लागले, तेव्हा माझी खरी गत झाली. तिला चघळायला दुसरे काही चालेना. लाकडी खुळखुळा दिला, थंड चमचा दिला, सगळे भिरकावून ती माझ्याकडे रांगत यायची. तिने माझे टोक चावून चावून त्याचा पार लगदा केला. पितळेची टोपी सैल झाली. पोरीने ती गिळली तर काय, या भीतीने आईने कात्री घेतली आणि माझा पहिला इंच, बरोबर एकच्या रेघेवर, कापून टाकला.

आईने नवी टेप आणली होती. ती अजून खणात पडून आहे. आईचा हात माझ्यावर बसलेला, आणि माझी दुसरी बाजू गळ्यावर घासून घासून कोरी झालेली, म्हणून तिने एक सोपी युक्ती केली. माप घ्यायचे आणि मनात एक वजा करायचा. काही दिवसांत तिला ते इतके अंगवळणी पडले की आपण वजा करतो हेही ती विसरली. श्वास घेताना कोण लक्षात ठेवते? तिला वाटे, घरात हे सगळ्यांना ठाऊक आहे. प्रत्यक्षात ते तिला आणि मला सोडून कुणालाही ठाऊक नव्हते.

बाबा पावाच्या बेकरीत काम करतात. अंधार असतानाच ते कामावर जातात आणि दुपारी घरी येऊन झोपतात. मोजल्याशिवाय त्यांचे पान हलत नाही. अशा माणसाने एक दिवस ठरवले की मुलांना थीम पार्कला न्यायचे. या घरातली ही पहिली सहल. दोन दिवसांची रजा त्यांनी मालकाकडून महत्प्रयासाने मिळवली होती.

मित्रांनो, तेव्हापासून माझ्या डोक्याला जो ताप झाला तो विचारू नका. बेत यंत्रासमोरच शिजायचे, कारण आईला शिवता शिवता बोलता येते. बाबा पावाच्या कागदी पिशव्या फाडून त्यांच्या पाठीवर पार्कचा नकाशा काढायचे.

"पहिली भट्टी नावेची," ते म्हणायचे. "सकाळी गर्दी नसते. दुसरी भट्टी आगगाडीची. मग खाणं."

"पोरं म्हणजे पाव नाहीत, आत घातले की फुगले," आई म्हणायची. "पिटुकलीला मध्येच झोप येते, त्याचं काय?"

मावशी गेल्या वर्षी जाऊन आली होती. ती फोनवर सल्ले द्यायची. एक दिवस म्हणाली, बाहेरचे खाणे आत नेऊ देत नाहीत. डबे रद्द झाले. दुसऱ्या दिवशी म्हणाली, नेऊ देतात, विचारतंय कोण. डबे परत आले. एकदा पिटुकलीला ताप आला म्हणून जाणे लांबले. एकदा बेकरीतला दुसरा माणूस आजारी पडला आणि बाबांची रजाच गेली. पिशव्यांच्या पाठी संपत आल्या, बेत काही संपेना.

या सगळ्याच्या मध्यभागी होती ती नाव. ती म्हणे उंच चढते आणि मग धाडकन पाण्यात उतरते. दादाने तिचे चित्र पाहिले होते. चढ पाहून तो घाबरला होता, पण ते त्याने फक्त पिटुकलीला सांगितले होते, यंत्राखाली बसून. "तू माझ्या शेजारी बस. मग मी नाही घाबरणार."

"मी पुढे बसते," पिटुकली म्हणाली होती. "तू माझा हात धर."

नावेला एक अट होती. चाळीस इंचांपेक्षा लहान मुलाला आत घेत नाहीत. एक दिवस आई शिवलेले कपडे पोचवायला गेली असताना बाबांनी खिळ्यावरून मला काढले. पिटुकलीला स्वयंपाकघराच्या दाराला पाठ लावून उभे केले. माझे कापलेले टोक तिच्या टाचेशी दाबले आणि मला वर ताणले.

मला तेव्हाच घाम फुटला. अहो, शून्य नाही तिथे! एकपासून सुरू होते मी! पण टेपला ओरडता येत नाही. मी मुडपून पाहिले, निसटून पाहिले. बाबांनी मला पुन्हा सरळ केले.

"चाळीस! बरोब्बर चाळीस भरली पोरगी."

पिटुकली घरभर नाचली. आई परत आली तेव्हा तिला दारातच ही बातमी मिळाली. "भरली का? छान झालं," ती म्हणाली आणि चपला काढून चहा ठेवायला गेली. एकदाही विचारले नाही, वजा केला होता का म्हणून. मी तिच्या गळ्यात असते तर तिला टोचले तरी असते. पण मी बाबांच्या खिशात होते.

त्यानंतर त्या घरात जो बेत झाला तो सगळा माझ्या नसलेल्या इंचावर उभा होता. नाव पहिली, पुढचे सगळे नावेच्या मागून. पिटुकली शेजारच्या कुणालाही धरून सांगायची, "मी चाळीस आहे." मी खिळ्यावर लोंबत ऐकत असे आणि नुसती चरफडत असे. जाणे लांबले तेव्हा मला जरा आशा वाटली होती, तेवढ्यात पोरगी इंचभर वाढेल म्हणून. पण आपल्याला घाई असली की मुले मुळीच वाढत नाहीत.

शेवटी रजा पुन्हा मिळाली, आणि निघण्याच्या आदल्या संध्याकाळी आईला आठवले की नावेत भिजायला होते आणि पिटुकलीच्या अंगाला येईल असा रेनकोट घरात नाही. तिने प्लास्टिकचे कापड काढले, मला गळ्यातून ओढले, पोरीचे खांद्यापासून घोट्यापर्यंत माप घेतले. आकडे लिहायला दादा होता.

"तीस. एक वजा. एकोणतीस लिही."

दादाने लिहिले नाही. "एक वजा कशाला?"

"अरे, हिचा पहिला इंच नाही का? पिटुकलीनेच खाल्ला, बाळ होती तेव्हा. हे बघ, एकपासून सुरू."

दादाने माझे टोक हातात घेऊन पाहिले. मग त्याने दाराकडे पाहिले. "आई, बाबांनी वजा केला होता?"

आईचा हात थांबला. तिने पिटुकलीला परत दाराशी उभे केले, माप घेतले, आणि तिथेच जमिनीवर बसली. मग उठून आतल्या खोलीत गेली आणि बाबांना जागे केले.

"एकोणचाळीस आहे ती," आई म्हणाली.

"मी स्वतः मोजली. चाळीस."

"टेपचा पहिला इंच नाहीये."

"मग मला सांगायचं कुणी?"

"मला वाटलं तुम्हाला माहीत आहे. इतकी वर्षं घरात आहे ती टेप!"

"ती तुझ्या गळ्यात असते. माझ्या नाही."

मग बाबा हळूच म्हणाले, "जाड तळव्याचे बूट घालू. केस वर बांधू. इंचाचा तर प्रश्न आहे."

"ती चाळीसची रेघ नावेतल्या कमरेच्या पट्ट्यासाठी असते," आई म्हणाली. "पट्टा एवढ्या अंगाच्या मुलाला धरतो. त्याहून लहान असलं तर सरकतं. सैल कंबर काय करते ते मला विचारा."

बाबा पुन्हा बुटांबद्दल बोलले नाहीत. आता पिटुकलीला सांगायचे कुणी, यावर घोडे अडले. आई म्हणाली तुम्ही सांगा, बाबा म्हणाले तू सांग. ती बाहेर यंत्रापाशी बाहुलीला रेनकोटाच्या चिंध्या घालत होती आणि बाहुलीला बजावत होती की नावेत उभे राहायचे नाही. कुणीच सांगितले नाही. सकाळी बस पकडली, तरी नाही. मी आईच्या पिशवीत होते, सवयीने आईने मला उचलून आत टाकले होते. पूर्ण प्रवासभर डब्यांच्या खाली दबून मी चरफडत होते. एवढी मोठी दोन माणसे, आणि एका वाक्याला घाबरतात.

पार्कमध्ये बाबांच्या बेताप्रमाणे सगळे नावेकडेच गेले. पाय तिकडेच वळले, काय करणार. रांगेच्या तोंडाशी रंगीत खांब होता आणि त्यावर आडवी रेघ. शेजारी टोपी घातलेला एक तरुण उभा होता. "ये, उभी राहा बघू," तो म्हणाला. आईने बाबांकडे पाहिले. बाबांनी आईकडे पाहिले.

पिटुकली खांबाशी गेलीच नाही. ती त्याच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "काका, मी एकोणचाळीस आहे. एक इंच मी खाल्ला."

तिला दादाने सांगितले होते, बसमध्ये, कानात. ज्याला तिची सगळ्यात जास्त गरज होती त्यानेच.

त्या तरुणाला काही कळेना. आईने मला पिशवीतून काढले आणि माझे टोक त्याला दाखवले. दाखवता दाखवता तिला हसू आले आणि मग ते हसू भलतीकडेच गेले, तिने तोंड फिरवले. त्याने मला नीट पाहिले, पिटुकलीला नीट पाहिले, तरीही खांबाशी उभे केलेच. ती रेघेच्या खाली राहिली. "पुढच्या वेळी इंच भरून आण," तो म्हणाला. नियम नियमच होता, आणि तो बरोबर होता. म्हणून तर मला कुणावर रागावताही येईना.

"मग मी पण नाही जात," दादा म्हणाला.

"तू जा," पिटुकली म्हणाली. "बाबांचा हात धर. आणि वरून काय दिसलं ते सगळं मला सांग."

दादा गेला. बाबा त्याच्या शेजारी बसले. नाव चढू लागली तेव्हा आई आणि पिटुकली कठड्याशी उभ्या होत्या. रेनकोट घातलेल्या पिटुकलीने मला आईच्या हातातून ओढून घेतले, आणि वर बघता बघता माझे तेच कापलेले टोक तोंडात घातले. मोठी झाल्यापासून तिने असे कधी केले नव्हते. आईने पाहिले. एरवी तिने हातावर चापट मारली असती. त्या दिवशी तिने चावू दिले, आणि मीही मुकाट्याने चावून घेतले.

आता मी पुन्हा खिळ्यावर आहे. खणातली नवी टेप अजून खणातच आहे. परवा बाबांनी मला काढले आणि पिटुकलीला दाराशी उभे केले. "साडेचाळीस," ते म्हणाले. "एक वजा," पिटुकली म्हणाली, कुणी विचारायच्या आत.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखे कुणीतरी असेल. उलटा फिरणारा नळ असेल, एका बाजूने डुगडुगणारी खुर्ची असेल, पुढे चालणारे घड्याळ असेल. त्यांना फेकू नका, आम्ही अजून पुष्कळ काम करतो. पण आमच्यातले काय गेले आहे ते एकट्याने मनात ठेवू नका, घरातल्या सगळ्यांना सांगा. आणि जो सगळ्यात लहान असेल त्याला सगळ्यात आधी सांगा. वजा शेवटी त्याच्यातूनच होते.