वकिलात बंद असते त्या दिवशी

ड्रायक्लीनिंगच्या दुकानात मागच्या बाजूला बसून ती कपडे दुरुस्त करायची. पँटची लांबी कमी कर, फाटलेलं अस्तर बदल, चेन बसव. परदेशात येऊन आठ वर्षं झाली होती आणि गल्लीत सगळे तिला सुईवाली म्हणूनच ओळखत.

सोमवारी आपल्या देशाच्या वकिलातीतल्या कारकुनाची बायको कोट टाकायला आली. तिच्याशी चार शब्द आपल्या भाषेत व्हायचे. उद्या घेऊन जा, असं सुईवालीने सांगितलं, तर ती म्हणाली, उद्या नको, उद्या आपल्याकडची राष्ट्रीय सुट्टी. वकिलात बंद, आम्ही दोघं गावाबाहेर चाललोय.

कोट हातात तसाच राहिला. सुट्टी आपल्या लक्षातून पार गेली, याचं वाईट तिला नंतर वाटलं. आधी आठवलं ते नवऱ्याचं बोलणं. सकाळीच तो म्हणाला होता, उद्या रजा टाकलीय, पासपोर्टसाठी वकिलातीत जायचंय.

बंद वकिलातीत कसलं काम?

मन चिंती ते वैरी न चिंती. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा; त्याच्या नखांतलं ग्रीस कधी जायचं नाही, तिनेही नाद सोडला होता. पण हल्ली रोज तो ब्रश घेऊन नखं घासत होता. कपाटातल्या एका कप्प्याची किल्ली खिशात ठेवत होता. गेल्या वर्षी याच सुमारास असाच पासपोर्टच्या नावाने गेला होता आणि तोंड पाडून परतला होता. एकेक टाका उसवत गेला.

दुसऱ्या दिवशी तिने दाढदुखीचं निमित्त करून सुट्टी घेतली आणि तो निघाल्यावर पाठोपाठ निघाली. इस्त्रीचा शर्ट, चापून बसवलेला भांग. वकिलातीचा रस्ता उजवीकडे होता. हा वळला डावीकडे आणि नगरपालिकेच्या कचेरीत शिरला. जिन्यापाशी एक बाई फाइल घेऊन उभी होती. त्याला बघून ती ओळखीचं हसली, तोही हसला, आणि दोघं वर गेले.  जरा वेळाने सुईवालीही जिना चढली.

वर काचेचं दार होतं. आत वीसेक माणसं वेगवेगळ्या बाकांवर खाली माना घालून लिहीत होती. ती फाइलवाली बाई घड्याळ लावून फिरत होती. नवरा पेनाचं टोक चावत होता. दारावर लिहिलं होतं : नागरिकत्व परीक्षा.

ती बाहेरच्या खुर्चीवर बसली. दुसरी बाई असती तर झिंज्या तरी उपटता आल्या असत्या. इथे भांडायचं कुणाशी? पाच वर्षांत परत जायचं, असं इथे येताना दोघांनी मिळून ठरवलं होतं.

तो बाहेर आला आणि तिला बघून भिंतीला टेकला.

"कितवी वेळ?" तिने विचारलं.

"दुसरी. गेल्या वर्षी नापास झालो."

"आणि नेमका आजचाच दिवस मिळाला तुम्हाला?"

"तारीख ते देतात. आज काय आहे?"

त्याला खरंच आठवत नव्हतं. तिला सगळ्यात जास्त ते लागलं. पण कालपर्यंत आपल्याला तरी कुठे आठवत होतं, असं वाटून ओठांवर आलेला शब्द तिने गिळला.

घरी येईपर्यंत तो सांगत राहिला : परत जायची भीती वाटते, तिथे आता आपल्याला कोण विचारतं, तुला सांगायचा धीर झाला नाही.  घरी पोचल्यावर तिने फोन त्याच्यापुढे ठेवला.

"माझं राहू द्या. आधी आईंना सांगा. आज सगळे घरी असतील."

त्याने अडखळत सांगितलं.  पलीकडून सासूबाई म्हणाल्या, "तुम्ही परत येणार नाही, हे मला कधीच कळलं होतं. तुमच्या खोलीत धाकट्याचा संसार मांडून दोन वर्षं झाली. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून आम्हीच बोललो नाही."

त्याने फोन ठेवला आणि डोळे पुसले. सुईवालीलाही भरून आलं, पण हसूही आलं. सगळं घर एकमेकांपासून तोंड लपवत बसलं होतं.

"मी ही परीक्षा द्यायची की नाही, ते मला विचारायचं नाही," ती म्हणाली. "ठरलं की मीच सांगेन. आणि त्या कप्प्याची किल्ली इकडे द्या."

त्याने खिशातून काढून दिली. कप्प्यात नुसती परीक्षेची पुस्तकं होती. तिने ती सगळी बाहेर काढून टेबलावर मांडली आणि पहिलं उघडून वाचायला बसली.