एकोणिसाव्या ओळीतली चूक

माझ्या वर्गातल्या दोन मुलींच्या कॉम्प्युटर प्रोग्रॅममध्ये एकोणिसाव्या ओळीत हुबेहूब तीच चूक होती. यादी रिकामी असली की प्रोग्रॅम बंद पडायचा. माझं डोकंच फिरलं. दोघींना तडक विभागप्रमुखांसमोर उभं केलं.

"कोणी कोणाचं उतरवलं ते आत्ता सांगा, नाहीतर दोघीही नापास," मी दरडावलं.

एकीच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसरीने वही उघडून पुढे सरकवली.

"मॅडम, तुम्ही फळ्यावर लिहिलं होतं तसंच घेतलंय."

वर माझ्या तासाची तारीख होती. ओळ माझीच होती.

विभागप्रमुखांनी शांतपणे विचारलं, "बाकी अडतीस जणांचं काय?"

"त्यांचे प्रोग्रॅम बरोबर चालतात, सर."

त्यांनी वही मिटली. "म्हणजे तुमच्या तासाला लक्ष फक्त या दोघींचंच होतं."