पिवळी पट्टी

मी बसडेपोत ड्यूट्या लावते. कुठली गाडी कुणी किती वाजता काढायची, तो तक्ता माझ्या ताब्यात. लाल पट्टी म्हणजे आभाळ कोसळलं तरी हलवायची नाही. हिरवी म्हणजे आपसात अदलाबदल चालेल. पिवळी म्हणजे राखीव. तो ड्रायव्हर बाकावर बसून राहणार आणि जिथे खाडा पडेल तिथे त्याला ढकलायचं.

घरीही मी तेच केलं. मुलीची परीक्षा, नवऱ्याची फिरती, डेपो, सगळं सांभाळताना नाकी नऊ आले होते. फ्रिजवर महिन्याचा कागद लावला. डेपो आणि मुलगी लाल, नवरा आणि घरकाम हिरवं, बाबा पिवळे. त्यात मला काही वावगं वाटलंच नाही. बाबांना घाई कधी नसायचीच.

रविवारी बाबा जेवायला आले आणि कागदाला नाक लावून उभे राहिले. एकतीस वर्षं त्यांनी याच डेपोची गाडी चालवलेली, त्यांना रंग समजावून सांगायची गरज नव्हती.

"पिवळा मीच का गं?"

"म्हणजे तसं नाही, बाबा..."

"असू दे. राखीव माणसाला पाय पसरून बसता येतं." ते हसले. मीही हसले, आणि मुलीवर उगाच खेकसले.

पट्टीवर लिहिलं होतं, 'बाबा, डोळे'. डॉक्टरांना काचबिंदूचा संशय होता. नजर कडेकडेने जाते, माणसाला पत्ता लागत नाही, गेलेली परत येत नाही, असं त्यांनी सांगितलं होतं. तपासणीला घरचं कुणीतरी आणा, असंही. "तू असलीस तर बरं," बाबा दोनदा म्हणाले होते. कुणाकडे काही मागायची त्यांना सवय नाही, हे मला ठाऊक होतं. तरी दोन महिन्यांत मी ती पट्टी तीनदा पुढे ढकलली. चौथ्यांदा तिचा डिंकच सुटला, तर वरून चिकटपट्टी मारली.

त्या गुरुवारी सकाळी दोन ड्रायव्हर आलेच नाहीत. फोन खणखणत होता, साहेब डोक्यावर उभे. राखीव कोण आहे बघायला खिडकीतून डोकावले, तर बाकावर एका तरुण ड्रायव्हरच्या शेजारी बाबा. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर फाइल.

मी बाहेर जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिले. "बाबा, इथे काय करताय? तपासणी पुढच्या आठवड्यात आहे ना?"

"मी फोन करून आजचीच वेळ परत मागून घेतली. साडेअकराची. तुझं होऊ दे, मी बसतो. राखीव माणूस बाकावरच बसतो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळ्यांसमोर हे काय नाटक! आत येऊन मी तक्त्यासमोर बसले, एक पट्टी काढली, दुसरी लावली, तीच परत काढली. राग त्यांचा नव्हता, हे कळायला दहा मिनिटं गेली. मग पट्ट्यांचा डबा साहेबांच्या हातात दिला.

"तुम्ही लावा."

"अगं, पण लाल गाडी उभी आहे!"

"राहू दे उभी."

पर्स घेऊन मी मागच्या दाराने, गाड्या धुतात तिकडून बाहेर पडले आणि बाकाच्या डाव्या टोकाला, बाबांच्या शेजारी येऊन बसले. मान वळवतील, काहीतरी टोमणा मारतील, म्हणून वाट बघत राहिले.

त्यांनी मान वळवली नाही. ते समोर माझ्या ऑफिसच्या दाराकडे बघत होते. घड्याळ डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं आणि उजवीकडच्या त्या तरुण ड्रायव्हरला म्हणाले, "येईल ती. आज गडबड दिसतेय."

तो ड्रायव्हर आधी माझ्याकडे बघत राहिला, मग बाबांकडे. बाबांचा डावा हात बाकावर माझ्या हातापासून वीतभर अंतरावर होता. मी तो धरला.

ते केवढे तरी दचकले. "अगं! कधी आलीस?"

"आत्ताच," मी म्हणाले. "चला, उठा."